रबर स्टँपने घडवलेले दिवाळीचे शुभेच्छापत्र : कागदाच्या निवडीपासून पाकिटापर्यंत

रबर स्टँप वापरून केलेले शुभेच्छापत्र नेटके उतरते की नाही, हे घरात किती साधने आहेत यावर फारसे अवलंबून नसते. शाई, कागद आणि स्टँप एकमेकांना मानवतात की नाही आणि कामे कोणत्या क्रमाने केली, या दोन गोष्टींवर जवळजवळ सगळे ठरते. महागडा स्टँप चुकीच्या शाईत बुडवला तर ठसा फुटतो, आणि साधा स्टँप योग्य कागदावर योग्य शाईने उमटवला तर छापील कामाशी बरोबरी करतो. म्हणून निरनिराळी तंत्रे सुटी सुटी सांगण्याऐवजी या लेखात एकच पत्र आरंभापासून अखेरपर्यंत घडवले आहे : पांढऱ्या रेषांची रांगोळी, तिच्याभोवती पिवळ्यापासून राणी रंगापर्यंत मिसळत गेलेली पार्श्वभूमी, समोर तीन उठावदार पणत्या आणि गडद जांभळ्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत ‘शुभ दीपावली’. यात स्टँपिंगची बहुतेक मूलभूत तंत्रे येतात आणि ती का तशी करायची याचे कारणही प्रत्येक ठिकाणी दिले आहे.

कागद आणि घडी

पत्राच्या मुख्य घडीसाठी ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) आणि त्यावर चिकटवायच्या पॅनेलसाठी २५० जीएसएमचा गुळगुळीत पांढरा कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, घ्यावा. त्यापेक्षा पातळ कागद उष्णतेने वाकतो आणि चिकटवलेल्या थरांचे वजन पेलत नाही. ए-४ आकाराचा कागद (२१० × २९७ मिलिमीटर) लांबीच्या मध्यावर कापला की दोन ए-५ तुकडे मिळतात आणि प्रत्येकाची मध्यावर घडी घातली की १०५ × १४८ मिलिमीटरचे पत्र तयार होते. ते ११४ × १६२ मिलिमीटरच्या, म्हणजे सी-६ मापाच्या, तयार पाकिटात सहज बसते. पाकीट बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचे निवडून मगच पत्राचे माप ठरवावे.

यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागलेले असतात. त्या दिशेला समांतर घातलेली घडी सरळ बसते; आडवी घातलेली घडी तडकते आणि तिच्या काठावर कागदाचे पांढरे तंतू दिसू लागतात. ही दिशा ओळखण्यासाठी कागद प्रथम लांबीच्या आणि मग रुंदीच्या अंगाने हलकेच वाकवून पाहावा. ज्या अंगाने तो कमी विरोध करतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर तंतूंची दिशा असते. ए-४ कागदाचे तंतू लांब बाजूला समांतर असतील, तर वर सांगितल्याप्रमाणे कापून घातलेली घडी आपोआप योग्य दिशेने येते. तरीही प्रत्येक नव्या गठ्ठ्यातील एक कागद तपासून पाहावा, कारण रंगीत कार्डस्टॉकमध्ये दोन्ही प्रकार आढळतात.

घडी घालण्यापूर्वी रेघ दाबून घ्यावी लागते. त्यासाठी स्कोअरिंग बोर्ड आणि बोन फोल्डर मिळतात, पण धातूची पट्टी आणि शाई संपलेले बॉलपेन यांनीही ते काम उत्तम होते. कागदाखाली रबरी मॅट किंवा वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवून १०५ मिलिमीटरवर एकसारखा दाब देत रेघ ओढावी. दाबलेल्या बाजूला खाच पडते आणि मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना उंचवटा आत आणि खाच बाहेर राहिली पाहिजे. अनेक जण खाचेच्या दिशेने कागद मिटतात. तसे केल्यास बाहेरचे तंतू ताणले जाऊन घडीवर भेगा पडतात.

हातकागद वापरायचा असेल तर त्याची जागा नीट ठरवावी. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद फार देखणा असतो, परंतु त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बारीक रेषांचा ठसा तुटक उमटतो आणि शाई तंतूंमधून पसरू शकते. माझ्या मते त्याचा सर्वांत चांगला उपयोग पॅनेलच्या मागे दिसणारा थर म्हणून होतो. त्यावर ठसा उमटवायचाच असेल तर कापडावर छपाईसाठी वापरतात तसा जाड रेषांचा लाकडी ठसा घ्यावा.

स्टँपची ओळख आणि देवनागरी मजकूर

स्टँप प्रामुख्याने दोन प्रकारचे मिळतात. पहिला लाल रबराचा, पातळ फोमचा थर लावून लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. तो टिकाऊ असतो आणि बारीक रेषा स्वच्छ देतो. दुसरा पारदर्शक फोटोपॉलिमरचा. तो ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर तात्पुरता चिकटवून वापरतात आणि आरपार दिसत असल्याने नेमक्या जागी ठेवता येतो. नव्या पारदर्शक स्टँपच्या पृष्ठभागावर निर्मितीच्या वेळचा चिकट थर राहिलेला असतो, त्यामुळे शाई एकसारखी न पसरता तिचे थेंब होतात. तो थर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून काढावा आणि कोऱ्या कागदावर दोन-तीन ठसे काढून पाहावेत.

दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारे बहुतेक शुभेच्छांचे स्टँप इंग्रजी मजकुराचे असतात. मराठी मजकुरासाठी कार्यालयीन शिक्के बनवणाऱ्या कारागिराकडे जाणे हाच सोपा मार्ग आहे, परंतु त्याला सूचना स्पष्ट द्याव्यात. मजकूर टाइप करून न देता जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या नीट तपासलेल्या पीडीएफच्या रूपात द्यावा आणि त्यातील अक्षरे आकृतीत रूपांतरित केलेली असावीत. नाहीतर त्याच्या संगणकावर जोडाक्षरे मोडण्याची शक्यता असते. अक्षरांची उंची मात्रा-उकारांसह दहा मिलिमीटरच्या आसपास असावी. शिरोरेषा आणि अक्षरांचे दंड फार नाजूक नसावेत, कारण बारीक रेषा दाबाखाली वाकते. उलट अक्षरे फार ठळक घेतली तर ‘भ’ आणि ‘ष’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा शाईने भरून जातात. शिक्का मुठीवर न बसवता नुसती रबराची पट्टी मागून घ्यावी, म्हणजे ती दुहेरी चिकटपट्टीने आपल्या ॲक्रिलिक ठोकळ्यावर लावता येते. शाई आत भरलेला आपोआप उमटणारा शिक्का या कामी उपयोगाचा नाही, कारण त्याला दुसरी शाई लावता येत नाही.

कोणती शाई कशासाठी

डाय शाई पाण्यासारखी पातळ असते, कागदात मुरते आणि लवकर वाळते, पण दीर्घकाळ प्रकाशात राहिली तर फिकी पडते. पिगमेंट शाई दाट असते, कागदाच्या पृष्ठभागावर बसते, सावकाश वाळते आणि चकचकीत कागदावर तर अनेकदा वाळतच नाही. मात्र याच संथपणामुळे ती एम्बॉसिंग पावडरसाठी, म्हणजे ओल्या शाईला चिकटून उष्णतेने वितळणाऱ्या आणि उठावदार ठसा देणाऱ्या पावडरसाठी, योग्य ठरते. एम्बॉसिंगची स्वतंत्र पारदर्शक शाई चिकट असते आणि पावडर धरून ठेवण्याखेरीज तिला दुसरे फारसे काम नसते. कार्यालयात वापरली जाणारी जांभळी शाई शुभेच्छापत्रासाठी घेऊ नये. ती कागदावर पसरते आणि ओल लागताच डाग सोडते.

बाह्यरेषेची शाई आत भरायच्या रंगावरून ठरवावी लागते. अल्कोहोल मार्करने रंगवायचे असेल तर बाह्यरेषा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या डाय शाईची हवी, आणि जलरंग भरायचे असतील तर पाण्याने न हलणारी, पूर्ण वाळलेली शाई हवी. डबीवरच्या मजकुरावर विसंबण्यापेक्षा कोपऱ्यातल्या तुकड्यावर ठसा उमटवून, वाळवून, त्यावरून प्रत्यक्ष मार्कर किंवा ओला ब्रश फिरवून पाहावा.

रांगोळीचे पॅनेल

पॅनेल ९९ × १४२ मिलिमीटरचे कापावे, म्हणजे चारही बाजूंनी मुख्य पत्राची तीन-तीन मिलिमीटरची कड दिसेल. यावर रांगोळी उष्णतेच्या एम्बॉसिंगने उमटवायची आहे, आणि पत्रातील सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होत असल्याने हे काम सावकाश करावे.

आश्विनात पत्रे करायला घेतो तेव्हा कोकणात आणि मुंबईत हवा अजून दमट असते. ओलसर कागदावर पावडर नको तिथेही चिकटते, म्हणून प्रथम हीट गनने, म्हणजे अतिशय गरम हवा सोडणाऱ्या साधनाने, कागद काही सेकंद कोरडा करून घ्यावा आणि थंड होऊ द्यावा. मग पातळ मलमलीच्या कापडात टाल्कम पावडर बांधून केलेली पुरचुंडी त्यावरून हलकेच फिरवावी. या पुरचुंडीमुळे कागदावरचा स्थिर विद्युतभार आणि बोटांचा तेलकटपणा यांचा उपद्रव टळतो. विकतची तयार पिशवी आणि ही घरची पुरचुंडी यांच्या कामात मला फरक जाणवलेला नाही.

आता रांगोळीचा ७० ते ८० मिलिमीटर व्यासाचा स्टँप टेबलावर उताणा ठेवावा आणि एम्बॉसिंग शाईचे पॅड त्यावर हलक्या थापांनी सर्वत्र टेकवावे. पॅडवर स्टँप दाबला तर मोठ्या स्टँपला शाई कमीजास्त लागते आणि रेषांमधल्या खोलगट भागातही शिरते. पारदर्शक स्टँप असेल तर कागदाखाली पातळ फोमची मॅट ठेवावी. फोम लावलेल्या लाल रबराला बहुधा कठीण पृष्ठभाग पुरतो. स्टँप सरळ खाली टेकवावा, उभे राहून तळहाताने मध्यापासून कडांपर्यंत दाब द्यावा, अजिबात डोलवू नये आणि सरळ वर उचलावा. पारदर्शक शाईचा ठसा समोरून दिसत नाही, म्हणून कागद उजेडात तिरका धरून सर्व रेषा ओल्या चमकतात का ते पाहावे. एखादा भाग सुटला असेल तर हाताने अंदाजे पुन्हा ठसा देऊ नये. पुन्हा नेमक्या त्याच जागी ठसा देण्यासाठी बिजागरीचे स्टँप पोझिशनर मिळतात. सीडीच्या जुन्या पारदर्शक डबीच्या झाकणाला आतून स्टँप चिकटवूनही तेच काम साधते, मात्र त्यासाठी कागद डबीच्या कोपऱ्याला घट्ट टेकवलेला असला पाहिजे.

ठसा ओला असतानाच त्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर सढळ हाताने ओतावी, कागद तिरका करून उरलेली पावडर खाली ठेवलेल्या कागदावर पाडावी आणि मागून बोटाने दोन टिचक्या माराव्यात. इकडेतिकडे राहिलेले कण कोरड्या बारीक ब्रशने काढावेत. वितळल्यानंतर ते निघत नाहीत. खाली पडलेली पावडर डबीत परत भरता येते.

हीट गन कागदापासून दूर धरून दहा-पंधरा सेकंद तापू द्यावी आणि मग सुमारे पाच ते आठ सेंटिमीटर अंतरावरून एका कडेने सुरुवात करावी. पावडरचे दाणे वितळून एकसंध, चकचकीत झाले की त्याच क्षणी गन पुढच्या भागाकडे न्यावी. जास्त वेळ उष्णता दिल्यास वितळलेली पावडर कागदात मुरते, उठाव नाहीसा होतो आणि तिथे तेलकट डाग उरतो. केस वाळवण्याचे यंत्र चालत नाही, कारण त्याची हवा जोरदार असते आणि उष्णता कमी पडते, त्यामुळे वितळण्याआधीच पावडर उडून जाते. हीट गन नसेल तर तापलेल्या इस्त्रीच्या वर थोड्या अंतरावर कागदाची मागची बाजू धरूनही पावडर वितळते. गॅसच्या ज्योतीवर हे काम कधीही करू नये.

पॅनेल पूर्ण थंड झाल्यावर रंग मिसळायला घ्यावेत. पिवळी, नारिंगी आणि राणी रंगाची डाय शाई आणि प्रत्येकीसाठी वेगळा मऊ ब्लेंडिंग ब्रश किंवा स्पंजचा तुकडा वापरावा. ब्रशला शाई लावल्यावर तो आधी रद्दी कागदावर फिरवावा आणि तिथूनच गोल गोल फिरवत पॅनेलवर आणावा. थेट पॅनेलवर टेकवला तर पहिल्याच जागी गडद ठिपका बसतो. सुरुवात पिवळ्याने, रांगोळीच्या मध्यापासून करावी, मग नारिंगी आणि कडांना राणी. प्रत्येक नवा रंग आधीच्या रंगावर थोडा चढवून, पुन्हा फिक्या रंगाचा ब्रश सांध्यावरून फिरवावा. हे तीनही रंग एकमेकांत मिसळून स्वच्छ राहतात. पिवळ्याशेजारी जांभळा घेतला तर सांध्यावर मळकट तपकिरी छटा येते. मग कोरड्या टिश्यूने रांगोळी पुसावी. वितळलेल्या पावडरवर शाई मुरत नसल्याने ती पुसली जाते आणि कागदाचा मूळ पांढरा रंग रेषांमधून वर येतो.

चमक नको असेल तर शाई पूर्ण वाळल्यावर पॅनेल दोन कोऱ्या कागदांत ठेवून गरम, कोरडी इस्त्री फिरवावी. पावडर वितळून त्या कागदांत शोषली जाते आणि मेण काढलेल्या बाटिकसारखी सपाट पांढरी नक्षी मागे राहते. ठिपक्यांच्या रांगोळीला हा सपाटपणा जास्त शोभतो असे मला वाटते, पण त्यासाठी बाहेरचे कागद दोन-तीन वेळा बदलावे लागतात.

तीन पणत्या

पणत्यांसाठी वेगळा पांढरा कार्डस्टॉक घ्यावा. तीन पणत्या एकमेकींच्या मागे-पुढे दिसाव्यात म्हणून मास्किंग करायचे आहे, आणि त्याचा नियम असा की जी वस्तू समोर दिसायला हवी तिचा ठसा सर्वांत आधी. मधली पणती प्रथम उमटवावी. त्याच स्टँपचा दुसरा ठसा चिकट नोटपेपरवर, त्याच्या चिकट पट्टीचा भाग आकृतीखाली येईल अशा बेताने घ्यावा आणि तो बाह्यरेषेच्या किंचित आतून कापावा. रेषेच्या बाहेरून कापला तर पणत्यांमध्ये पांढरी फट राहते. हा मास्क पहिल्या पणतीवर नेमका बसवून डावी आणि उजवी पणती थोडी वर आणि थोडी मास्कवर चढेल अशी उमटवावी. मास्क काढला की बाजूच्या पणत्या मागे गेलेल्या दिसतात. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा स्टँप घेतला तर तिघींची मिळून रुंदी ८५ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि ती पॅनेलला योग्य आहे.

रंगवताना प्रकाश ज्योतीकडून येतो हे ध्यानात ठेवावे. पणतीचा आतला काठ फिका, तळ गडद, आणि मागच्या दोन पणत्या मधलीपेक्षा एक छटा गडद ठेवल्या की खोली आपोआप निर्माण होते. ज्योतीच्या मध्यभागी कागद कोराच सोडावा. मग संपूर्ण आकृती लहान, अणकुचीदार कात्रीने एक मिलिमीटर पांढरी कड ठेवून कापावी. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवला की वळणे गुळगुळीत येतात.

पणतीच्या आकाराची धातूची डाय (कागद कापण्याचा साचा) आणि ती चालवणारे रोलरचे यंत्र असेल तर कापणे जलद होते. डायची धारदार बाजू कागदाकडे ठेवून दोन्ही प्लेट्समध्ये यंत्र चालवायचे आणि प्लेट्स वाकू नयेत म्हणून दरवेळी उलटवायच्या, एवढेच त्यात लक्षात ठेवायचे आहे. एकसारखी वीस-पंचवीस पत्रे करायची नसतील तर या यंत्रावर खर्च करण्याची घाई करू नये. तोच पैसा चांगला कागद आणि दोन चांगल्या शायांवर घालावा.

सोनेरी अक्षरे आणि जोडणी

जांभळ्या कार्डस्टॉकची ९९ × २२ मिलिमीटरची पट्टी कापण्यापूर्वीच, मोठ्या तुकड्यावर ‘शुभ दीपावली’ उमटवावे आणि नंतर अक्षरे मध्यावर येतील अशा बेताने पट्टी कापावी. आधी कापलेल्या पट्टीवर मजकूर सरळ बसवणे फार कठीण जाते. गडद कागदावर भरकटलेला एकेक कण उठून दिसतो, म्हणून पुरचुंडी इथे अगत्याने फिरवावी, आणि सोनेरी पावडर अतिबारीक दाण्यांची घ्यावी. जाड दाण्यांनी उकार आणि वेलांट्या भरून जातात.

रांगोळीचे पॅनेल मुख्य पत्रावर दुहेरी चिकटपट्टीने लावावे. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदातील पाण्याने मोठा कागद लहरतो, म्हणून तो छोट्या तुकड्यांसाठीच आणि अगदी पातळ लावून वापरावा. पट्टी पॅनेलच्या तळापासून वीस मिलिमीटर वर सपाट चिकटवावी आणि पणत्या फोम टेपवर, त्यांचा तळ पट्टीच्या वरच्या काठावर थोडा चढेल अशा रीतीने, बसवाव्यात. फोम कडांपर्यंत न्यावा, नाहीतर टपालातल्या दाबाने कडा खाली बसतात. हा फोम दोन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा.

पूर्ण झालेले पत्र रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवू नये, कारण उठाव दबतो; सपाट जागी मोकळे ठेवणे पुरेसे आहे. टपालाने पाठवताना पणत्यांवर पातळ पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून पाकीट बंद करावे. ३०० जीएसएमचे ए-५ कार्ड सुमारे ९ ग्रॅम आणि पॅनेल साडेतीन ग्रॅम भरते. पणत्या, पट्टी आणि पाकीट धरून वजन १८ ते २० ग्रॅमपर्यंत जाते आणि पुठ्ठा घातला की त्याहून वाढते. टपालाचा दर वजनावर ठरत असल्याने भरलेले एक पाकीट टपाल कार्यालयात वजन करून घ्यावे आणि मगच सगळ्यांवर तिकिटे लावावीत. पाकिटावर ठसा उमटवायचा असेल तर तो मागच्या झाकणावर उमटवावा, म्हणजे पत्ता आणि तिकीट यांची जागा मोकळी राहते.

काम संपताच स्टँप कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, न घासता टिपून वाळवावेत. पारदर्शक स्टँपवर तीव्र द्रावकाची शाई किंवा तिचा क्लीनर वापरू नये आणि ते उन्हात ठेवू नयेत. ते पिवळे पडतात आणि कडक होतात. डाय शाईची पॅड्स उलटी ठेवली तर शाई पृष्ठभागाकडे राहते. एम्बॉसिंग पावडर आणि कोरा कार्डस्टॉक पावसाळ्यात हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षी पावडरीचे गोळे झालेले नसतील आणि कागदाला बाक आलेला नसेल.